समुद्र नसलेल्या गावातला मासा

आठवडे बाजारात सुकटवाल्या बायका कुठे बसतात हे आमच्या जळगाव जिल्ह्यात कोणाला विचारावं लागत नाही, नाकच बरोबर नेतं. भाजीवाले संपले, मिरचीवाले संपले की एका कडेला गोणपाट अंथरून त्या बसलेल्या असतात, समोर सुकटीचा ढीग, बाजूला बोंबलाच्या जुड्या, आणि नाकाला रुमाल लावून लगबगीने पुढे जाणारी माणसं. त्यातलीच दोन-चार अंधार पडल्यावर पिशवी घेऊन परत येतात हे मी स्वतः पाहिलंय, नावं सांगत नाही.

माय खरेदीला सोबत असली की वेळ लागतो. ती बोंबील हातात घेते आणि मोडून बघते, कट्‌कन मोडला तर ठीक, वाकला तर ओल धरलीय, खाली ठेव. सुकट मूठभर घेऊन तळहातावर चोळते, मग फुंकर मारते, रेती किती निघते ते बघायला. मग भाव. हे सगळं मे महिन्यात, पावसाळ्याआधी, कारण पावसात सुकलेल्या मालाला वास सुटतो, म्हणून आधीच घेऊन गच्चीवर एक ऊन द्यायचं (त्याच गच्चीवर बिबड्या आणि कुरडया वाळत असतात, त्यांच्यापासून लांब, नाहीतर घरात महाभारत) आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरायचं.

तर असा आमचा अनुभव, आणि त्या जोरावर मी तोंडघशी पडलो. भाचा दोन वर्षांपासून पोर्तुगालमध्ये लिस्बनला नोकरीला आहे, तो सुट्टीला आला तेव्हा माझ्यासाठी प्लास्टिकमध्ये गच्च बंद केलेला एक जाड पांढरट तुकडा घेऊन आला. म्हणाला मामा, हा खारवलेला कॉड मासा, तिकडे बाकल्याव म्हणतात, तुम्हाला सुकट आवडते ना म्हणून. हातात घेतला तर लाकडाची फळीच. तिकडच्या सुपरमार्केटात म्हणे अख्खे चपटे त्रिकोणी मासे थप्पी लावून ठेवलेले असतात, तुम्ही बोट दाखवायचं आणि माणूस मशीनच्या करवतीने कापून देतो, आणि त्या कोपऱ्यात गेलं की डोळे मिटून आपल्या बाजारात उभं असल्यासारखं वाटतं.

मी शहाणा. भाचा परत गेल्यावर एका रात्री एक तुकडा काढला, बोंबलासारखा तव्यावर भाजला, वरून लसूण-मिरचीचा ठेचा आणि पहिला घास घेतला. जीभ आखडली हो अक्षरशः. मीठ म्हणजे किती मीठ, लोणच्याच्या बरणीच्या तळाशी जो खडा राहतो ना तो चघळल्यासारखं. लगेच फोन लावला, तिकडे अजून दुपार होती, भाचा ऑफिसातून हळू आवाजात हसतोय. मामा, तो भिजवला नाही का तुम्ही? दोन दिवस थंड पाण्यात ठेवायचा, कातडी वर करून, म्हणजे मीठ खाली उतरतं, आणि पाणी चार-पाच वेळा बदलायचं, जाड तुकड्याला तर जास्तच.

आता मे महिन्यात जळगावात ४४ डिग्रीला थंड पाणी म्हणजे फ्रिज. आणि आमच्या फ्रिजवर राज्य माझं नाही. दोन दिवस पातेल्यावर झाकण, झाकणावर ताट, ताटावर वरवंटा, तरी दूध उघडं ठेवायला कोणी तयार नव्हतं. माय मात्र दर वेळी पाणी बदलताना येऊन बघायची. शेवटी म्हणाली, "पहिले मीठ लावानं, मंग दोन दिन मीठ काढानं, हाई काय काम शे?"

याचं उत्तर मला नंतर वाचताना सापडलं. कॉडची चरबी जवळजवळ सगळी त्याच्या लिव्हरमध्ये असते, लहानपणी आपण गिळलेल्या त्या पिवळ्या कॉड लिव्हर ऑइलच्या गोळ्या त्याच्याच, त्यामुळे मांसात चरबी नगण्य, आणि चरबी नाही म्हणून ते खवट न होता खारवून महिनोन्‌महिने टिकतं. तेलकट माशाचं एवढं चालत नाही. फ्रिज नसलेल्या काळात लांबच्या समुद्रातून जहाजाने मासा घरी आणायचा तर दुसरा उपाय काय होता? आणि मला सगळ्यात गंमत वाटली ती ही, की पोर्तुगालच्या समुद्रात कॉड सापडतच नाही! सोळाव्या शतकापासून त्यांची जहाजं पार कॅनडाजवळ न्यूफाउंडलंडला जायची. तिथे नंतर सगळ्यांनी मिळून एवढा उपसा केला की १९९२ साली कॅनडा सरकारला कॉडची मासेमारीच बंद करावी लागली. आज पोर्तुगालला बराचसा कॉड नॉर्वेकडून येतो, तरी ख्रिसमसच्या आदल्या रात्री बटाटा, कोबी आणि अंड्यासोबत उकडलेला बाकल्याव नसेल तर तो सणच नाही म्हणे. म्हणजे हेही आमच्यासारखेच की. आमची तापी सगळं पाणी घेऊन सुरतेकडे समुद्राला मिळायला जाते आणि समुद्राकडून आम्हाला उलट येतात ते वाळलेले बोंबील.

तिसऱ्या दिवशी तुकडा नखाएवढा तोडून जिभेला लावला, बरोबर जमलं होतं. फळी गेली, जाड पांढऱ्या पाकळ्या सुटायला लागल्या. भाच्याने रेसिपी सांगितली, बारीक काड्या करून तळलेला बटाटा, कांदा, माशाचे तुकडे आणि वरून फेटलेली अंडी, नाव काहीतरी ब्राश. मी म्हटलं अरे ही तर भुर्जी! केली, कळण्याच्या भाकरीसोबत खाल्ली, मिरची थोडी आपल्या हिशोबाने. फ्रिजवरून दोन दिवस भांडणाऱ्या बाईसाहेबांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, त्यावर मी काही बोललो नाही.

शेपटाकडचा एक पातळ तुकडा उरला होता. तो दुसऱ्या दिवशी मायने मला न विचारता काळा मसाला लावून वांग्यात टाकला, सुकट टाकते तसा. मी जेवताना मीठ मागितलं तर म्हणाली, टाकेलच नही, त्याच्यातच होतं.