पंधरा टक्क्यांची पट्टी

2021 च्या ऑगस्टात लातूरच्या मार्केटात सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं होतं, आणि मी शोरूमवर बसून गिऱ्हाइकांना फोन लावत होते. मॉड्युलर किचनची डिझाइन आणि कोटेशन हे माझं काम. ज्यांच्या ऑर्डरी त्याच वर्षी, दुसऱ्या लॉकडाऊनआधी, मार्चमध्ये घेतल्या होत्या, त्या सगळ्यांना सांगायचं होतं : रेट वाढलेत, मूळ रकमेवर पंधरा टक्के जास्त पडतील. मालकांचा हुकूम.

वाढ खोटी नव्हती. प्लायचे थर चिकटवायला जे रेझिन लागतं ते फिनॉल-फॉर्माल्डिहाइडचं, फॉर्माल्डिहाइड होतं मिथेनॉलपासून आणि मिथेनॉल बहुतेक बाहेरून येतं. त्या वर्षी जहाजाच्या कंटेनरचं भाडं कैक पटींनी चढलं होतं. स्टील महागलं, म्हणून चॅनेल आणि बिजागऱ्याही महागल्या. हे सगळं फोनवर सांगून मला पाठ झालं होतं. बहुतेक लोक थोडी कुरकुर करत आणि भरत. घर अर्धवट, ओट्याचा ग्रॅनाइट बसलेला, ॲडव्हान्स अडकलेला. माणूस जातो कुठं?

मुनीमकाकांनी मात्र फोनवर एवढंच विचारलं, "कागद कुठाय?" आणि दुपारी स्वतःच आले. आडतीवर सारी हयात मुनीमकी केलेला माणूस. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत आमचं कोटेशन. ऑर्डर 2 लाख 40 हजारांची, वर जीएसटी; मार्चमध्येच निम्मे पैसे भरलेले.

"ताई, पंधरा टक्के म्हणजे छत्तीस हजार. त्याच्यावर तुमचा अठरा टक्के जीएसटी. बेचाळीस हजार चारशे ऐंशी. फोनवर तुम्ही छत्तीसच सांगितले."

मी कॅल्क्युलेटर ओढेपर्यंत त्यांचं तोंडी झालं होतं.

मालक केबिनमधून बाहेर आले. कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात छापलंय, ते त्यांनी बोटानं दाखवलं : दर पंधरा दिवसांपुरते ग्राह्य. काकांनी चष्मा वर केला. "हे कोटेशनला लागू. मी आठव्या दिवशी पैसे भरले, तुम्ही पावती फाडली. सौदा झाला. मार्चमध्ये ज्यानं सहा हजारानं सोयाबीन घातलं, त्याला आज दहाचा भाव झाला म्हणून आडत्या फरक द्यायलाय का? आन् तुम्ही आसं कामून करायलाव?"

मालक म्हणाले, "काका, सगळंच वाढलंय."

"सगळं म्हंजे काय काय? पट्टी काढा."

शेतकऱ्याला आडतीवर मिळते ती पट्टी. वजन, भाव, हमाली, तोलाई, सगळं ओळीनं. पंधरा टक्क्यांची अशी पट्टी आमच्याकडं नव्हतीच. तो आकडा मालकांनी अंदाजानं, आणि खरं सांगायचं तर अंदाजाच्या वर थोडा हात ठेवून, काढलेला होता. मालक मला म्हणाले, "काढ गं." त्यांना वाटलं असावं, हिशेब बघून म्हातारा गप्प बसेल.

मी कटिंग लिस्ट उघडली. 19 एमएमची प्लाय, सोळा शीट. एक शीट आठ बाय चार, म्हणजे बत्तीस फूट; एकूण 512 स्क्वेअर फूट. मार्चचं बिल 92 रुपये फुटाचं, आत्ताचं 104. फरक 6,144. लॅमिनेटच्या वीस शीट, शीटमागं साठ रुपये : 1,200. हार्डवेअर, म्हणजे टँडम ट्रॉल्या, सॉफ्ट क्लोज बिजागऱ्या, कॉर्नर युनिट, धरलेलं 52 हजारांचं. कंपनीनं आठ टक्के वाढवलेले : 4,160. सुतारांची मजुरी तीच, आमच्या शोरूमचं भाडंही तेच. एकूण 11,504.

छत्तीस हजार कुठं आणि हे कुठं! मालक टेबलावरचा पेपर उगाच सरळ करत होते.

काका म्हणाले, "माल बघू."

मागं गोडाऊनला गेलो. रॅकवर खालच्या फळीवर हार्डवेअरचे खोके होते, त्यावर मार्करनं काकांचं आडनाव आणि ऑर्डर नंबर, अक्षर माझंच. खोक्याच्या कडेला सप्लायरचं लेबल, बिल नंबर, तारीख मार्चची. काकांच्या ॲडव्हान्समधूनच तो माल उचललेला, जुन्या भावानं. काकांनी वाकून तारीख वाचली, पेनानं माझ्या कागदावरच्या 4,160 वर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं : 7,344.

मालक चिडले. दुकान चालवायचं म्हणजे काय असतं, सुतार लॉकडाऊनमध्ये बसून खायला होते वगैरे. त्यांचंही सगळं चूक नव्हतं. प्रत्येक वाढ पोटात घालणारं दुकान टिकत नाही, हे मला पगाराच्या तारखेला कळतं. पण त्याचा भार कोणावर टाकायचा ते आधी लिहून घ्यावं लागतं. ठरलेला करार दोघांच्या संमतीशिवाय बदलत नाही. आपला करार कायदा 1872 पासून तेच सांगतो. काकांचा पुतण्या वकील. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला ग्राहक आयोगात फी लागत नाही, हेही त्यांनी जाता जाता कानावर घातलं. धमकी वाटू नये इतक्या सहज.

मग त्यांनीच तोड काढली. "प्लाय, लॅमिनेट तुम्ही नव्या भावानं घेणार, ते मला दिसायलंय. तेवढं मी देतो. द्यायचं बंधन नाही, तरी देतो. पण आमचं काम गणपतीच्या आत बसलं पाहिजे, आन् हे कोटेशनवर लिहून सही करा."

7,344 आणि जीएसटी मिळून 8,666 रुपये. मालकांनी सही केली. त्यानंतर आमच्या ऑर्डर फॉर्मवर नवी ओळ आली : कोणत्या मालाची वाढ धरली जाईल, बिल दाखवलं जाईल, आणि गिऱ्हाइकाला मान्य नसेल तर ॲडव्हान्स परत. ती ओळ मी लिहिली. मालकांनी 'परत' शब्दावर बराच वेळ खाल्ला.

आधीच्या फायलींमध्ये पूर्ण पंधरा टक्के भरलेले लोक होते. त्यांचं काय, असं मी विचारलं.

"त्यांनी पट्टी मागितली का?" मालक म्हणाले.

त्यातल्या एक मॅडम काकांच्याच गल्लीत राहतात. दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. हार्डवेअरचं बिल बघायला कधी येऊ, विचारत होत्या.