घारापुरीत घर नावावर करताना

लेणी बघायला येणाऱ्या कितीतरी जणांना घारापुरीवर गाव आहे हेच माहीत नसतं. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर मिळून आमची एक ग्रामपंचायत, तालुका उरण. आमचं घर राजबंदरला.

2018 साली समुद्राखालच्या केबलने बेटावर वीज आली, तेव्हा मीटर वडिलांच्या नावाने बसला. ते गेल्यावर मीटरचं नाव बदलायला घराचा उतारा लागणार, म्हणून आधी ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, वारसनोंद करायला निघालो.

वाटलं, अर्ज दिला की झालं. सरपंचांपासून शिपायापर्यंत सगळे वडिलांच्या मयतीला आलेले. तरी ग्रामसेवकांनी पहिला कागद मागितला तो मृत्यूचा दाखला, आणि ते बरोबरच होतं. मृत्यू जिथे होतो तिथेच त्याची नोंद होते. वडील नवी मुंबईत दवाखान्यात वारले, त्यामुळे दाखला तिथल्या महापालिकेतून आणावा लागला. होडी, रिक्षा, बस यातच दिवस गेला.

अर्जात वारस म्हणून मी फक्त माझं नाव लिहिलं होतं. ग्रामसेवक म्हणाले, "आई आहे, बहीण आहे. त्यांची नावं कुठायत?" कायद्याने विधवा, मुलगा, मुलगी सगळ्यांचा हक्क सारखा. बहीण लग्न होऊन उरणला गेलेली. "मला नको, तूच ठेव," असं ती बोलली होती. पण ते तोंडी चालत नाही, त्याला नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र लागतं. रात्री आईला हे सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "तिचं नाव काढून आपल्याला काय मिळणार हाय?" मी गप्प बसलो. सकाळी नवा अर्ज लिहिला, आईचं नाव सगळ्यात वर.

थकलेली घरपट्टी भरली. मग मासिक सभेची वाट. ग्रामसेवक पलीकडून येतात. ठरल्या दिवशी समुद्र खवळला, होडी सुटली नाही, सभा पुढे गेली. पुढच्या सभेत ठराव झाला.

एक गोष्ट मला उशिरा कळली, ती सगळ्यांनी लक्षात ठेवावी: नमुना 8 ही कर आकारणीची नोंद. तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही.

यंदा घरपट्टीचं बिल आईच्या नावाने आलं. लेण्यांच्या पायऱ्यांवर काकड्या-कैऱ्या विकून आलेल्या पैशातून तिनेच भरलं. पावती तिच्या ट्रंकेत आहे.