एक वाक्य, सहा तास

सकाळी सरांना पेपरचा मसुदा दाखवला. त्यातलं मुख्य विधान: ‘राजर्षी शाहू महाराजांनी शिक्षणासाठी मोठे कार्य केले.’ सर चष्म्यावरून बघत म्हणाले, “कोल्हापुरात उभं राहून ह्याला नाही म्हणणारा एक माणूस दाखव. मग पंधरा पानं कुणाला पटवायला लिहिणार?”

गप्प बसलो. खरंच होतं. आपण विषय लिहून मोकळे होतो आणि त्यालाच थीसिस स्टेटमेंट, म्हणजे पेपरभर सिद्ध करायचा दावा, समजतो.

दुपारभर रंकाळ्यावर वही घेऊन खोडाखोड. आधी ‘कार्य’ उडवलं. त्या शब्दात काहीही मावतं. मग काळ आवळला. २६ जुलै १९०२ चा हुकूम, संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांना ५० टक्के जागा. पण व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग हे वसतिगृह सुरू झालं १९०१ मध्ये, म्हणजे हुकुमाच्या आधी! तिथं डोकं चाललं. संध्याकाळी उतरलं ते असं: ‘१९०२ चा हुकूम कागदावर राहिला नाही, कारण त्या जागांवर बसू शकतील अशी पोरं जातवार वसतिगृहांनी घडवली, सक्तीच्या शिक्षणाचा कायदा त्यानंतर, १९१७ मध्ये आला.’

आता ह्यावर भांडता येतं. कुणी म्हणेल, बहुतेक बोर्डिंगं १९०२ नंतरचीच की, पहिल्या भरतीत त्यांची किती पोरं होती? म्हणू दे. तेच शोधायचंय.

सरांना फोटो पाठवला. उत्तर आलं, “‘घडवली’ला पुरावा?”

उद्या परत पुराभिलेखागार. मिसळ खाऊनच जातो.