चिठ्ठीतलं बारावं नाव

बास्केटबॉल संघ निवडायची ती ट्रायल नावापुरती होती, हे आता सांगायला हरकत नाही. त्या रविवारी सकाळी साडेसहाला कोर्टवर पोचलो, तेव्हा बारा नावांची चिठ्ठी आदल्या रात्रीच खिशात तयार होती.

सांगलीत बास्केटबॉल शिकवण्यात माझी सतरा वर्षं गेली. शाळेची पोरं, कॉलेजची पोरं, जिल्ह्याच्या निवडी सगळं केलं. पण पैसे देऊन खेळाडू आणायचे आणि बक्षिसाच्या खुल्या स्पर्धेत उतरायचं, ही वेळ पहिलीच. पैसा अण्णांचा. मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान, वय सत्तरीकडे, खेळाचा गंध नाही. नातू खेळतो, म्हणून हौस. म्हणाले, "सर, अडीच लाख. त्याच्या वर एक रुपाया न्हाई. आन् कप पायजे."

माझा पहिला हिशोब सोपा होता. पुण्या-मुंबईकडचे तीन नावाजलेले खेळाडू, प्रत्येकी साठ हजार. उरलेल्या सत्तर हजारांत नऊ स्थानिक पोरं. हा कागद घेऊन दुकानाच्या गादीवर बसलो आणि माझ्याच तोंडाने घात केला. बोलता बोलता अण्णांना एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या फिनिक्स संघाची गोष्ट सांगून बसलो. ड्युरंट, बुकर आणि बील या तिघांचे पगार मिळून १५ कोटी डॉलर, आणि अख्ख्या संघासाठी लीगने घातलेली मर्यादा १४ कोटी. तिथं मर्यादा ओलांडता येते, पण पुढे दंड बसतो. त्याहूनही वर गेलात तर हातच बांधले जातात. दोन छोटे पगार एकत्र करून त्यांच्या बदल्यात एक मोठा खेळाडू आणायचीही मुभा राहत नाही. २०२४-२५ च्या मोसमात त्यांनी ८२ पैकी ३६ सामने जिंकले. प्लेऑफचं, म्हणजे बाद फेरीचं, तोंडसुद्धा बघितलं नाही.

"मग कप कुणी नेला?"

ओक्लाहोमा सिटीने. त्यांनी २०१९ मध्ये पॉल जॉर्ज हा मोठा खेळाडू क्लिपर्स संघाला देऊन टाकला. बदल्यात शाय गिलजस-अलेक्झांडर नावाचा विशीतला पोरगा घेतला, आणि पुढच्या वर्षांतल्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, पहिल्या फेरीचे पाच हक्क. मग हरत बसले. २०२१-२२ मध्ये फक्त २४ विजय. त्याच उन्हाळ्यात त्या पाचांतल्या एका हक्कावर जेलन विल्यम्स हाती लागला, आणि जून २०२५ मध्ये या दोघांनी अजिंक्यपद आणलं.

अण्णांनी समोरचं एक हळकुंड कट्कन मोडलं, आतला रंग बघितला. "म्हंजे पेवात घातली हळद." हरिपूरला पूर्वी जमिनीत खोल पेवं खणून हळद साठवायचे, भाव आला की उघडायचे. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच पाण्यात गेली. ड्राफ्टबद्दल मी पोरांना तासभर सांगायचो ते या माणसाने चार शब्दांत संपवलं. पुढचं वाक्य मात्र व्यापाऱ्याचं होतं. "पण सर, आपल्याकडं कुठलं पेव? स्पर्धा फुडच्या म्हैन्यात हाय."

शेवटी तिनाऐवजी दोनच बाहेरचे घ्यायचे ठरले. दहा जणांना तेरा-तेरा हजार. अकरा नावं पक्की होती. बाराव्यासाठी मी एक सव्वासहा फुटी पोरगा लिहून ठेवला होता. हात गोड, लांबून टाकलेला बॉल जाळीला नुसता स्पर्श करून खाली यायचा. त्याच जागेसाठी मिरजेचा एक बुटका, जाडजूड मुलगाही आला होता. त्याला मी तीनदा खेळताना पाहिलं होतं, आणि तीनही वेळा त्याच्याबद्दल काही लक्षात राहिलं नव्हतं.

दहा मिनिटांचे चार क्वार्टर खेळवले, प्रत्येक वेळी बाजू उलटसुलट केल्या. मला वहीत प्लस-मायनस लिहायची सवय आहे. खेळाडू कोर्टवर असताना त्याच्या बाजूचे गुण किती वाढले, समोरच्यांचे किती, एवढी वजाबाकी. कुणी बास्केट मारली, याला तिथं किंमत नाही.

अण्णा आठच्या सुमारास आले, प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. तिसरा क्वार्टर संपताना मला हाक मारली. "त्यो मिरजेचा भायेर बसला की कोर्टावर सामसूम हुतीया. का हो?"

मी मान वर केली. सतरा वर्षं शिट्टी तोंडात धरून मी खेळ डोळ्यांनीच बघत आलो. लिलावात उभं आयुष्य काढलेला माणूस कानाने बघत होता. चौथ्या क्वार्टरला मी पेन ठेवलं. पोरगं अखंड ओरडत होतं. "डावीकडं स्क्रीन! मी आहे, तू पुढं हो! कोपरा, कोपरा!" एकदा पुण्याहून आलेल्या आमच्या गार्डच्या, म्हणजे बॉल पुढे नेणाऱ्या खेळाडूच्या, मागावरच्या माणसासमोर ते पाय रोवून उभं राहिलं. स्क्रीन म्हणतात ती हीच. तो माणूस त्याच्या छातीवर आपटून अडला, गार्ड मोकळा सुटला आणि दोन गुण झाले. टाळ्या गार्डला. हा तोवर उठून बचावाला पोचलाही होता.

वही मिटवली तेव्हा गणित असं होतं : उंच पोराचे गुण एकोणीस, प्लस-मायनस उणे अकरा. मिरजेच्या पोराचे गुण दोन, अधिक तेरा. चाळीस मिनिटांच्या आकड्यावर शहाणा माणूस संघ निवडत नाही, हे मला ठाऊक आहे. महिन्याभराचे आकडे असते तर गोष्ट वेगळी. पण तो आवाज ऐकल्यावर चिठ्ठी खिशातून काढून खोडावीच लागली.

उंच पोराला सांगणं जड गेलं. वडील गेटपाशी गाडीवर बसून होते. त्याने दोनच प्रश्न विचारले. "सर, मी किती मारले?" एकोणीस. "आणि त्यानं?" दोन. मी वही पुढे केली. त्याने ती घेतली नाही. बूट सोडले, दोन्हींच्या नाड्यांची गाठ मारून खांद्यावर टाकले आणि अनवाणीच गेटपर्यंत गेला. वडील माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत.

कप आला नाही. उपांत्य सामना चार गुणांनी गेला. अण्णा चिडतील वाटलं होतं. त्यांनी फक्त पुढच्या वर्षीचा आकडा विचारला.

या वर्षी बोलणीसाठी मिरजेचा पोरगा दुकानात आला, गादीच्या कडेला बसला, चहा घेतला आणि म्हणाला, "तीस हजार, अण्णा."

"तेराचं तीस? का रं बाबा?"

त्याने मोबाईल पुढे केला. स्क्रीनवर माझ्याच वहीचं पान होतं. अधिक तेराभोवती लाल गोल.

अण्णांनी आधी फोटो बघितला, मग चष्म्यावरून माझ्याकडे. "सर, माल घ्यायच्या आदी मालाम्होरं भाव बोलायचा नसतो."