रुंदी 3, लांबी 28

दवाखान्यातून घरी सोडताना फाइलीत एक छोटं कार्ड दिलं. त्यावर माझं नाव, तारीख आणि पुढं 3.0 × 28. बाकीचं काही कळलं नाही, पण माप दिसलं की टेलरची नजर तिथंच अडकते. पोरगा म्हणाला, "आप्पा, ते स्टेंटचं माप, हृदयाच्या शिरेत बसवलेल्या जाळीच्या नळीचं. मिलिमीटरमध्ये." म्हणजे कोटाच्या मोठ्या काजाएवढी लांबी आणि पायजम्याच्या नाडीहून कमी रुंदी. घरी आल्यावर पट्टी घेऊन कागदावर काढून बघितलं. एवढ्याशा तुकड्यासाठी केवढा गोंधळ!

सांगलीत गावभागात 34 वर्षं लेडीज टेलरिंग करतोय. दुकान खाली, घर वर. दोन महिन्यांपासून जिना चढताना छातीत आवळल्यासारखं व्हायचं. मी त्याला ॲसिडिटी म्हणत होतो. मिरजेत अँजिओग्राफी केली, 90 टक्के ब्लॉक निघाला, आणि तिथंच उजव्या मनगटातून नळी घालून काम उरकलं. मी जागा होतो. त्यात सांगण्यासारखं फार नाही. सांगण्यासारखं आहे ते घरी आल्यावरचं.

उजव्या हातानं आठवडाभर वजन उचलायचं नाही, असं बजावलं होतं. माझी कात्रीच पाऊण किलोची, आणि इस्त्रीचं तर विचारू नका. हिनं पहिल्याच दिवशी कात्री कपाटात कुलपात टाकली आणि किल्ली मंगळसूत्राला अडकवली. मनगटावरचा डाग आधी जांभळा, मग हिरवट, मग पिवळा झाला. रोज सकाळी रिळांच्या खणातला कुठला रंग जुळतोय ते बघायचो. दुसरा उद्योग काय होता?

डॉक्टरांना मी आधीच विचारलं होतं, "म्हणजे कॉलर ताठ राहायला बकरम घालतो तसंच ना?" ते हसले आणि नीट समजावून सांगितलं. ती जाळी फुग्यावर बसवून आत नेतात, फुगा फुगवला की ती शिरेला आतून टेकते, फुगा काढून घेतात, जाळी राहते. पण काम तिथं संपत नाही. शरीर हळूहळू त्या जाळीवर आतून पातळ अस्तर चढवतं, आणि त्याला काही महिने लागतात. तोवर उघड्या धातूवर रक्ताची गुठळी धरायची भीती. म्हणून ॲस्पिरिन रोज एक आणि टिकाग्रेलॉर सकाळ-संध्याकाळ, वर्षभर, स्वतःच्या मनानं एकही बंद करायची नाही. अस्तर म्हटल्यावर मला पटलं. अस्तर बसायच्या आधी ब्लाऊज अंगात घालून बघणारी गिऱ्हाइकं मी पाहिलीत, काय होतं ते मला ठाऊक आहे.

बघायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. कुणी अर्जुनसालीचा काढा सांगितला, कुणी दुधीचा रस. चुलत मेव्हणे तर म्हणाले, "रक्त पातळ करायच्या गोळ्या महिन्यानं सोडल्या तरी चालतात, आमच्या शेजाऱ्यानं सोडल्या." ही स्वयंपाकघरातून ओरडली, "भाऊजी, चहा घ्या आणि गप बसा." भडंगाचा डबा मात्र तिनं त्यांच्यासमोर ठेवला आणि माझ्यासमोरून उचलला. सांगलीत राहून भडंग नाही, लोणचं नाही, पापड नाही.

नवव्या रात्री दोन वाजता दम लागल्यासारखा झाला. छातीत दुखत नव्हतं, पण श्वास पुरा होत नव्हता. मी पाच मिनिटं गुपचूप बसून राहिलो, हिला उठवावं की नाही या विचारात. हा माझा मूर्खपणा, कबूल करतो. शेवटी उठवलं, पोरानं गाडी काढली. ईसीजी चांगला निघाला. ड्यूटीवरच्या पोरसवदा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, टिकाग्रेलॉरनं काहींना असा दम लागतो. पण आलात ते बरं केलंत. गोळी मात्र तुम्ही थांबवू नका, सकाळी सर बघतील." परत येताना कृष्णा दिसली, शांत, अंधारात. गाडीत कुणी बोललं नाही.

आता रोज सकाळी गणपती मंदिरापर्यंत चालतो आणि परत. वाटेत ओळखीचा शिंपी भेटला. त्याला स्टेंटची किंमत ऐकायची होती. 2017 च्या फेब्रुवारीत सरकारनं औषध लावलेल्या स्टेंटला 29,600 रुपयांची कमाल किंमत ठरवली, त्याआधी तो याच्या कितीतरी पट महाग होता. त्या हिशेबानं 28 मिलिमीटरला सेंटीमीटरमागं दहा हजारांच्या वर. "मास्तर, एवढं महाग कापड आपण कधी कापलंय का?" तो म्हणाला.

काल किल्ली मिळाली. साध्या सुती ब्लाऊजपासून सुरुवात केली. सुई एकदाच टोचली, पण बोटाचं रक्त थांबायला किती वेळ लागला! अंगुस्तान घालायचा मी कायम कंटाळा करायचो, आता घालतोय. बाही अर्धा इंच घट्ट झाली. उसवायला घेतली, तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला, "अहो, आठ वाजले, गोळी." बाही तशीच मशिनवर आहे.