‘शेवटी सगळं एकाच गाडीत जातं ना?’ तुम्ही विचारलंत म्हणून

कॅम्पसवरच्या कचऱ्याचं काम मी बघते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘आम्ही ओलं-सुकं वेगळं करतो, पण शेवटी सगळं एकाच गाडीत जातं ना? मग उपयोग काय?’ प्राध्यापक विचारतात, वसतिगृहातली मुलं विचारतात, मुलांना सोडायला आलेले पालकही विचारतात. जिन्यात उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून एकदाच नीट लिहिते.

हो, काही वेळा एकाच गाडीत जातं. पण कचरा मिसळतो तो बहुतेक वेळा गाडीच्या कितीतरी आधी, तुमच्या कॉरिडॉरमधल्या डब्यात. अर्धा कप चहा उरलेला कागदी कप सुक्या डब्यात पडला की तो चहा खालच्या कागदात मुरतो. भिजलेल्या, तेलकट कागदाला रद्दीत भाव नाही. काळ्या पिशवीत काय आहे ते बाहेरून दिसत नाही, त्यामुळे ती उघडण्याची जोखीम कुणी घेत नाही आणि ती तशीच जाते.

पुण्यात सुका कचरा हातांनी निवडला जातो. 1993 मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, 2008 मध्ये कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून दारोदार कचरा घ्यायला सुरुवात केली. निवडलेलं भंगार विकून मिळणारे पैसे हा या कामातल्या कमाईचा मोठा भाग. तुमचा पुठ्ठा, पांढरा कागद, पाण्याच्या बाटल्या कोरड्या मिळाल्या तर त्या गाडी येण्याआधीच बाजूला निघालेल्या असतात. गाडीत तुम्हाला दिसतो तो उरलेला भाग. वेफर्सच्या पाकिटांत प्लास्टिक आणि धातूचा थर एकमेकांना इतका चिकटलेला असतो की तो वेगळा काढणं भंगारवाल्याला परवडत नाही. कागदी कपाला आतून प्लास्टिकचं अस्तर असतं, म्हणून त्यालाही गिऱ्हाईक नाही. तेव्हा ‘गाडीत सगळं एकत्र दिसलं’ याचा अर्थ ‘वेगळं करणं वाया गेलं’ असा होत नाही. हे मी कितीदा सांगितलं असेल, आणि तरीही समोरचा म्हणतो, ‘पण तो व्हिडिओ?’

तर एका जुलैत आमच्याच वसतिगृहातल्या मुलांनी काढलेल्या त्या व्हिडिओबद्दल. ओल्या कचऱ्याचं खत करायच्या कंपोस्टच्या टाक्यांतला माल आणि शेजारी थप्पी लावलेली सुक्या कचऱ्याची पोती एकाच टिपरमध्ये भरली जात आहेत, असं त्यात दिसतं. ते खरं आहे. मुलांनी गॅलरीतून जे दिसलं ते टिपलं, त्यांचं काही चुकलं नाही. पण त्या जुलैत तिथवर गोष्ट कशी आली, हे त्या चित्रणात नाही.

ताटातल्या खरकट्यात पाणी आणि नत्र भरपूर असतं. ते नीट कुजायला कोरडा कर्ब लागतो, म्हणजे पालापाचोळा किंवा लाकडाचा भुसा. एक बादली ओल्याला दोन बादल्या चुरलेला पाला, हे आमचं माप. पुण्यात पानगळ होते फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आणि पाल्याची खरी गरज असते पावसाळ्यात. त्या वर्षी पाला साठवला होता, पण उघड्यावर. वरून ताडपत्री होती, खाली विटा-फळ्या काही नव्हत्या. जमिनीचं पाणी खालून चढलं आणि ताडपत्रीच्या खोलगटात साचलेलं वरून झिरपलं. भिजलेला पाला पाणी शोषत नाही, स्वतःच चिखल होतो. त्यात नव्या प्रवेशांमुळे मेसची ताटं एकदम वाढली आणि वरण-भात न निथळता टाक्यांत ओतला गेला. भाताचे गोळे दाबून बसले की त्यांच्यात हवा शिरत नाही. हवा संपली की बिनहवेचे जिवाणू ताबा घेतात आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. तीन-चार दिवसांत काळं पाणी वाटेवर आलं, अळ्या कठड्यावर चढल्या. तक्रारी झाल्या आणि वरून आदेश आला, आजच्या आज साफ करा.

तो ढीग वाचवता आला असता. तो फोडून फूटभर जाडीत पसरायचा, कोरडा भुसा मिसळायचा आणि रोज उलटायचा. सुरुवातीला वास वाढतो, मग उतरतो. मात्र ज्या खिडक्यांखाली मुलं झोपतात तिथे आणखी दोन दिवस वास सोसा म्हणणं सोपं नव्हतं, हेही मला मान्य आहे. मान्य नाही ते पोत्यांचं. ती कोरडी होती, निवडलेली होती, दहा पावलांवर हलवता आली असती. टिपरचे पैसे फेरीवर ठरलेले होते. अर्धी रिकामी गाडी परत नेण्यात कुणाचाच फायदा नव्हता, म्हणून पोतीही भरली गेली. ते पाहिल्यावर पुढच्याच आठवड्यात वसतिगृहाच्या सगळ्या डब्यांत सगळं एकत्र दिसू लागलं.

आता पाल्याचा हिशेब बघा. हजार ताटं, प्रत्येक ताटात शंभर ग्रॅम उरलं तर एका जेवणाचं शंभर किलो खरकटं होतं. 2016 च्या घनकचरा नियमांनी मोठा कचरा-उत्पादक ठरवायला दिवसाला 100 किलोंचीच रेषा धरली होती आणि अशा संस्थांनी ओला कचरा शक्य तितका आवारातच जिरवावा असं म्हटलं होतं. शंभर किलो म्हणजे वीस लिटरच्या साधारण दहा बादल्या. त्याला वीस बादल्या पाला, म्हणजे रोज 400 लिटर. जून ते सप्टेंबरच्या साधारण 120 दिवसांचे झाले 48 घनमीटर. चार मीटर लांब, चार मीटर रुंद, तीन मीटर उंच अशी पत्र्याची कोरडी खोली चुरलेल्या पाल्यानेच भरलेली हवी. सागाची, बदामाची पानं अख्खी टाकली तर एकावर एक चिकटून थर धरतात, म्हणून चुरायलाच हवीत. कॅम्पसवर रंगीत डबे घ्यायला पैसे मिळतात, या खोलीला मिळत नाहीत.

बाकीचं थोडक्यात. खरकटं भोकाच्या बादलीत तासभर निथळू द्या. ढीग निदान तीन फूट उंच ठेवा, नाहीतर उष्णता धरत नाही. आत 55 अंशांच्या वर गेला पाहिजे. आठवड्यातून एकदा उलटा आणि वर पाल्याचा दोन-तीन इंच थर ठेवा, म्हणजे माश्या बसत नाहीत. मूठभर माल दाबला की बोटांतून एक-दोन थेंबच यावेत. धार लागली तर पाला कमी पडतोय. अमोनियाचा झोंबरा वास आला तरी पालाच कमी.

‘बायोगॅस का नाही करत?’ करावा. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेला ‘निसर्गऋण’ प्रकल्प मेसच्या कचऱ्यासाठी चांगला आहे, भात त्याला उलट चालतो. पण नारळाच्या करवंट्या, हाडं, अंड्याची टरफलं, प्लास्टिक त्यात जाता कामा नये. म्हणजे निवडणं तिथेही सुटत नाही.

आणि सॅनिटरी पॅड. वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून वेगळे द्या. ही पद्धत पुण्यातल्या कचरावेचक बायकांनीच मागितलेली आहे. निवडताना त्यांचा हात कशावर पडतो, याचा विचार डब्यापाशी उभं असताना करायचा असतो.

पूर्वी मी म्हणायचे, मुलांना सवय लागली की यंत्रणा आपोआप सुधारेल. त्या जुलैनंतर म्हणू लागले, आधी यंत्रणा, सवय नंतर. पण यंत्रणा असूनही सुक्या डब्यात चहा ओतणारा मजला मी पाहते आणि डबे नीट भरूनही गाडी एकत्र नेते तेही पाहते. दोन्ही बाजू मला अर्ध्या-अर्ध्या पटतात.

तरी विचारलंत म्हणून, पुढच्या वेळी गाडीचा फोटो काढाल तेव्हा कुलसचिव कार्यालयात ठेक्याची प्रतही मागा. पैसे फेरीवर ठरलेत की वेगळ्या दिलेल्या वजनावर, आणि सुका माल ओल्यात टाकला तर दंड आहे का, ही दोन कलमं आधी वाचा.