डेनमन स्ट्रीटचा कोपरा

व्हँकुव्हरमध्ये पर्यटकांना पायी शहर दाखवणं हे माझं काम. त्या शनिवारी आइस हॉकीच्या इतिहासाची फेरी होती. सुरुवात डेनमन आणि जॉर्जिया या रस्त्यांच्या कोपऱ्यावरून. १९११ साली पॅट्रिक बंधू या हॉकीपटूंनी तिथे कृत्रिम बर्फाचं स्टेडियम उभारलं होतं. १९३६ साली ते जळून गेलं, आता तिथे बाग आहे.

त्या काळचा हॉकीपटू फ्रेड 'सायक्लोन' टेलरची गोष्ट निघाली की मी रंगून जातो. ऑन्टारिओतल्या लिस्टोवेल गावात वाढलेला पोरगा. मिशिगनमधल्या हॉटनला पैसे घेऊन खेळला, तेव्हा हॉकीत उघडपणे पैसे घेणं नवंच होतं. १९०९ मध्ये ओटावाच्या संघाकडून स्टॅनले कप, म्हणजे आइस हॉकीतला सर्वांत मानाचा चषक, जिंकला. मग रेनफ्रू या छोट्या गावाने त्याला जेमतेम बारा सामन्यांच्या मोसमासाठी ५,२५० डॉलर मोजले! "ओटावाविरुद्ध उलटं स्केटिंग करत गोल मारीन, अशी पैज त्याने..."

"बेटा," गटातले सरदारजी मध्येच म्हणाले, "हिवाळा संपल्यावर तो काय करायचा?" शेजारी त्यांची दहा-अकरा वर्षांची नात, अंगात हॉकीची जर्सी.

"इमिग्रेशन खात्यात नोकरी. ओटावा क्लबने त्याला आणताना ती मिळवून दिली होती. इथे आल्यावरही त्याच खात्यात होता."

"१९१४ मध्येही?"

मी गप्प झालो. उत्तर मला ठाऊक होतं, पण हॉकीच्या फेरीत ते मी कधी सांगितलं नव्हतं. या गोष्टीची आजही लाज वाटते.

ठरलेली वाट सोडून मी सगळ्यांना किनाऱ्याने कोमागाता मारूच्या स्मारकापाशी नेलं. २३ मे १९१४ ला ते जहाज ३७६ प्रवासी घेऊन समोरच्या खाडीत आलं. बहुतेक सगळे पंजाबी. मायदेशातून कुठेही न थांबता आलात तरच प्रवेश, असा कायदा. भारतातून थेट येणारं जहाजच नव्हतं. जहाजावर चढलेला पहिला इमिग्रेशन अधिकारी टेलर होता. निर्णय त्याचा नव्हता, पण शिडी चढून गेला तो तोच. मोजके लोक सोडून बाकीच्यांना दोन महिने जहाजावरच अडकवून ठेवलं आणि २३ जुलैला परत पाठवलं. पुढच्या मार्चमध्ये, इथून थोड्याच अंतरावरच्या त्या स्टेडियममध्ये, टेलरच्या संघाने ओटावाला ६-२, ८-३, १२-३ असं धुतलं आणि कप जिंकला.

एवढं सांगून मी थांबलो. आजोबांनी स्मारकावर हात ठेवला, डोळे मिटले. नात त्यांची बाही धरून उभी होती. मागून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला, तरी कुणी हललं नाही.

बऱ्याच वेळाने आजोबा वळले.

"आता त्या उलट्या गोलचं सांग," ते म्हणाले. "पोरीची गोष्ट अर्धीच राहिली."